एफ-वन, व्हाया वारंगा फाटा

फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर काही आभाळातून पडत नाहीत. ते फॉर्म्युला फोर नावाच्या शाळेतून येतात. भारतात ही शाळा भरते चेन्नईला आणि कोइम्बतूरला. आम्ही मात्र तिचा पत्ता विचारत पोचलो हिंगोली जिल्ह्यातल्या एका फाट्यावर!

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी एक नग हमखास भेटतो. आदल्या रात्री जागून रेस बघितलेली असते, डोळे लाल, आणि तोंडात 'अंडरकट', 'सॉफ्ट टायर', 'सेफ्टी कार' असले शब्द. त्याला एकदा विचारून बघाच, की बाबा रे, हे ड्रायव्हर येतात कुठून? 'लहानपणी कार्टिंग करतात ना,' असं म्हणेल आणि तिथून एकदम मोनॅकोला पोचेल. मधलं सगळं गायब! म्हणजे बालवाडीतल्या बडबडगीतांनंतर कुणी थेट यूपीएससीच्या इंटरव्ह्यूची गोष्ट सांगावी, तसं.

हे जे मधलं आहे ना, ज्युनिअर सिंगल सीटर सिरीज नावाचं, त्यावर लिहायचं ठरलं तेव्हा खरं तर चेन्नईचं तिकीट काढायला हवं होतं. मी अकोल्याहून नांदेडकडे जाणारी एसटी धरली आणि वारंगा फाट्यावर उतरले. एडिटरचा फोन. 'तिथे ट्रॅक आहे का?' नाही. 'मग कुणी ड्रायव्हर?' म्हटलं, सर, इथे ड्रायव्हरच ड्रायव्हर आहेत. फक्त त्यांच्या सीटच्या मागे दहा-बारा चाकं असतात.

नकाशात शोधायचं तर नांदेडवर बोट ठेवा आणि अर्धापूरवरून साधारण चाळीस किलोमीटर वर सरका. वारंगा हे कळमनुरी तालुक्यातलं गाव, आणि फाटा हा त्याचा हायवेवरचा चेहरा. अकोला, वाशिम, हिंगोलीकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ आणि तुळजापूरहून लातूर, नांदेड करत नागपूरच्या दिशेने निघालेला ३६१, हे दोघे इथे भेटतात. त्यामुळे फाट्यावर उभं राहिलं की तीन दिशा. एक नांदेडची, जी पुढे देगलूरवरून हैदराबादला जाते. दुसरी हिंगोली-अकोल्याची. तिसरी हदगाव, उमरखेड करत, पैनगंगा ओलांडून विदर्भात शिरणारी. अर्धापूरच्या बाजूने आलात तर केळीच्या बागा, हिंगोलीकडून आलात तर हळदीची शेतं. तेलंगणापासून मध्य प्रदेशापर्यंतच्या नंबरप्लेट एकाच टपरीसमोर उभ्या. आणि या भागातल्या कुणालाही 'वारंगा' म्हणा, तो पुढचा शब्द 'खिचडी' असाच उच्चारणार. गरमागरम पिवळी खिचडी, सोबत भजी, तळलेली मिरची. एसटीचा ड्रायव्हर, कारमधली फॅमिली, ट्रकवाले, सगळे एकाच बाकावर. कॅलरीजचा विचार नांदेडला पोचल्यावर करा.

आता मुद्दा. गाडीवर जगणारं गाव कसं असतं ते बघायचं तर असा फाटा बघावा. टायर, पंक्चर, बॅटरी, वेल्डिंग, ग्रीसिंग, रेडिएटर. इथली पोरं सायकलच्या आधी स्पॅनर हातात धरतात. मग भारतात नवे रेसर घडवायला सिरीज सुरू झालीय म्हणतात, तिची पहिली पायरी अशा फाट्यापासून नेमकी किती लांब आहे? माझा प्रश्न एवढाच होता. किलोमीटरमध्येही आणि रुपयांमध्येही.

'किती मार्क लागतेत?'

खिचडीनंतर मी जिथे बसले ते टायरचं दुकान होतं. मालक पन्नाशीचे, आणि शाळा सुटल्यावर त्यांना हातभार लावणारा त्यांचा भाचा, नववीतला. मामा ट्रकचं चाक उतरवत होते, भाचा एका हाताने कॉम्प्रेसरचा पाइप धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर एफ-वनची क्लिप बघत होता. मी कशावर लिहितेय ते कळल्यावर त्याने पहिलाच प्रश्न असा टाकला की माझी सगळी तयारी एका वाक्यात कामाला लागली.

'ताई, किती मार्क लागतेत ह्याला?'

खरंच मार्क लागतात! एफ-वन चालवायला सुपर लायसन्स लागतं. ते देते एफआयए, म्हणजे मोटर स्पोर्टची जागतिक संघटना. २०१५ मध्ये मॅक्स वेर्स्टॅपन सतराव्या वर्षी एफ-वनमध्ये उतरला आणि सगळ्यांचे डोळे विस्फारले. त्यानंतर २०१६ पासून नियम आवळले गेले. वय अठरा (हल्ली खास केस म्हणून सतराव्या वर्षीही देतात) आणि तीन सीझनमध्ये मिळून ४० पॉइंट. हे पॉइंट खालच्या सिरीजमध्ये कमवायचे. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आलात की एकदम ४०, खेळ खल्लास. फॉर्म्युला थ्रीच्या चॅम्पियनला ३०. आणि फॉर्म्युला फोरच्या चॅम्पियनला १२. दुसऱ्याला १०, तिसऱ्याला ७, मग ५, ३, २, १. आठव्याला भोपळा.

'पयला येऊन बाराच?' भाचा हिरमुसला.

'दहावीला पस्तीसवर पास करतेत,' मामा चाकाच्या मागून म्हणाले. 'ह्याला तेवढे पडले तरी मी पेढे वाटीन.'

गंमत सोडा, पण हे बाराच पॉइंट का, हे कळलं की ही सिरीज कशासाठी आहे ते कळतं. एफ-फोरचा चॅम्पियन अजून एफ-वनला तयार नसतो. तो फक्त एवढं सिद्ध करतो, की कार्ट सोडून खऱ्या रेसिंग कारमध्ये बसल्यावर त्याचं काय होतं. २०१४ च्या आधी देशोदेशी वेगवेगळ्या गाड्यांच्या ज्युनिअर सिरीज होत्या, कोण कुणापेक्षा सरस ते ठरवायला फूटपट्टीच नव्हती. म्हणून एफआयएने त्या वर्षी फॉर्म्युला फोर आणली. नियम एकसारखे, गाडी आणि इंजिनाच्या किमतीला लगाम, आणि वय पंधरा पूर्ण.

पंधरा! आपल्याकडे अठराव्या वर्षाशिवाय कार चालवायचं लायसन्स मिळत नाही. म्हणजे हा पोरगा उद्या कोइम्बतूरच्या ट्रॅकवर ताशी दोनशेच्या वर गाडी नेऊ शकेल, पण मामाची स्कूटर फाट्यावरून वारंगा गावात नेली तर पावती फाटेल.

सगळ्यांना एकच पेपर

भारतातली एफआयएच्या शिक्क्याची एफ-फोर २०२३ मध्ये सुरू झाली. गाडी फ्रान्सच्या मिगाल कंपनीची, इंजिन अल्पिनचं टर्बो, ताकद साधारण १८० हॉर्सपॉवर. तुमच्या-माझ्या हॅचबॅकला ऐंशी-नव्वद असते, हे लक्षात घ्या, आणि हेही की ह्या गाडीला दारं, डिकी, एसी, म्युझिक सिस्टम काहीही नाही. एक माणूस, चार उघडी चाकं, पुढे-मागे पंख आणि डोक्यावर हॅलो. हॅलो म्हणजे कॉकपिटभोवतीची ती कमान. दिसायला चपलेच्या अंगठ्यासारखी, पण डोकं वाचवणारी.

आणि सगळ्यांची गाडी तीच. इंजिन सीलबंद, उघडायचं नाही. चॅसीला हात लावायचा नाही. 'माझ्या बापाने भारीतलं इंजिन घेतलंय' हा फंडाच बाद. मग टीम करते काय? तर पंखांचा कोन, टायरची हवा, सस्पेन्शनचा कडकपणा, गाडीची उंची, एवढ्याच गोष्टी हलवू शकते. ऐकायला चिल्लर वाटतं, पण जिथे पहिल्या आणि दहाव्या गाडीत एका सेकंदाचा फरक असतो तिथे टायरमधली थोडी जास्त हवाही महागात पडते.

वीकेंडचा कार्यक्रम साधारण असा. आधी प्रॅक्टिस. मग क्वालिफाइंग, म्हणजे जेमतेम पंधरा-वीस मिनिटांत एक झकास लॅप मारून दाखवायची. त्यावरून रेसच्या सुरुवातीची जागा ठरते. मग दोन-तीन छोट्या रेस, प्रत्येक अर्ध्या तासाच्या आतबाहेरची. पिट स्टॉप नाही, पेट्रोल भरणं नाही, मधे टायर बदलणं नाही, त्यामुळे स्ट्रॅटेजीच्या नावाखाली लपायला जागा नाही. पॉइंट एफ-वनसारखेच: २५, १८, १५ असे उतरत दहाव्याला १. हे सिरीजचे पॉइंट, सुपर लायसन्सचे वेगळे. गोंधळ करू नका, कॉफी मशीनपाशी इज्जत जाईल.

वरच्या वर्गांत अजून एक खोडी असते. एफ-टूमध्ये शनिवारच्या छोट्या रेसला क्वालिफाइंगमधले पहिले दहा उलटे उभे करतात, एफ-थ्रीमध्ये पहिले बारा. सगळ्यात फास्ट पोरगा दहाव्या किंवा बाराव्या जागेवर. कशाला? तर पुढे राहून पळणं एक कौशल्य आणि दाटीतून वाट काढणं दुसरं. वारंग्यावरून नांदेडला पावसाळ्यात कार चालवून बघा, दुसऱ्याची किंमत कळेल.

खरी परीक्षा मात्र गाडी थांबल्यावर सुरू होते. प्रत्येक गाडीत सेन्सर असतात. ब्रेक कुठे दाबला, किती दाबला, स्टिअरिंग किती वळवलं, ॲक्सिलरेटर कधी पूर्ण उघडला, सगळं रेषांच्या रूपात लॅपटॉपवर. इंजिनिअर तुमची रेष तुमच्याच टीममेटच्या रेषेवर ठेवतो. गाडी सारखी, टायर सारखे, मग चौथ्या वळणावर तू का मागे पडलास? गाडीला दोष देता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला हे रोज ऐकून घ्यायचं असतं. आपलं ॲन्युअल अप्रेझल वर्षातून एकदाच होतं याबद्दल देवाचे आभार माना.

हे सगळं मी सांगत होते तेव्हा मामा उतरवलेल्या टायरवरून हात फिरवत होते. मग ट्रकवाल्याला म्हणाले, 'आतल्या बाजूनं खाल्लाय. अलाइनमेंट गेलंय.' ना सेन्सर, ना लॅपटॉप. मी भाच्याकडे बघितलं. तो म्हणाला, 'मला बी कळतंय ते. बोटाला खवल्यासारखं लागतंय एका बाजूनं.' रेस संपल्यावर टीमचे टायरवाले पहिल्यांदा हेच करतात. रबरावर हात फिरवतात, कुठे दाणे आलेत, कुठली कड झिजलीय ते बघतात आणि मग लॅपटॉपकडे वळतात.

धुरकरी बदलला की टाइम बदलतो

सारख्या गाडीचा फंडा मामांना सगळ्यात लवकर पटला. 'पटात असंच असतंय,' ते म्हणाले. पट म्हणजे शंकरपट, ह्या भागातली आणि पलीकडे विदर्भातली बैलजोड्यांची शर्यत. जोडी हाकणारा तो धुरकरी. 'जोडी तीच ठेवा, धुरकरी बदला. टाइम बदलतो. बैलाला कळतंय मागं कोन बसलंय.'

बघा, एफ-फोरच्या पन्नास पानी नियमावलीचं सार! आणि ज्युनिअर-सीनिअरची भानगडही बैलांना नवी नाही. पश्चिम महाराष्ट्रात शर्यतीचे गट बैलांच्या दातांवरून पडतात. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन दात आलेला दुसा, मग चौसा. आदत बैलाला मोठ्यांच्यात कुणी उतरवत नाही. ह्या शर्यतींवर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली होती, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. बैलांवरच्या क्रूरतेचा प्रश्न त्याने संपला असं मला वाटत नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. इथे मुद्दा एवढाच, की शर्यतीचं व्याकरण ह्या फाट्याला कुणी शिकवायची गरज नाही.

एक मात्र फरक आहे आणि तोच नडतो. बैल घरचा असतो.

पैसा बोलता है

रेसिंगमध्ये सुरुवात सात-आठ वर्षांच्या वयात होते, कार्टमध्ये. मग ज्युनिअर, सीनिअर असे वर्ग, १२५ सीसीचं रोटॅक्स इंजिन, राष्ट्रीय स्पर्धा. महाराष्ट्रात ह्याची पंढरी कोल्हापूर. कुस्तीचं कोल्हापूर, फुटबॉलचं कोल्हापूर, आणि हो, रेसिंगचंही! तिथल्या मोहिते रेसिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. पण तो खासदार धनंजय महाडिकांचा मुलगा आहे, हेही लिहायला हवं. यात त्याच्या ड्रायव्हिंगचा अपमान नाही. ब्रिटिश एफ-थ्रीमध्ये वळण घेताना आडनाव कामाला येत नाही. तिथपर्यंतचं विमान पकडताना मात्र घरची ताकद लागतेच.

कार्टिंगच्या एका सीझनला टायर, इंजिनाची देखभाल, मेकॅनिक, प्रवास, हॉटेल हे सगळं धरलं की लाखांत आकडा जातो. युरोपात एफ-फोरचा एक सीझन म्हणजे कोट्यवधी रुपये. एफ-थ्री, एफ-टू तर विचारूच नका. टीम पगार देत नाही, उलट ज्युनिअर ड्रायव्हरच टीमला पैसे देतो. नोकरी लागावी म्हणून कंपनीला पगार द्यायचा, असा प्रकार. अपवाद असतात ते ज्यांना मोठा प्रायोजक किंवा एखाद्या एफ-वन टीमची ज्युनिअर ॲकॅडमी उचलते त्यांचे.

मुंबईच्या जेहान दारूवालाची गोष्ट म्हणून बघण्यासारखी. २०११ मध्ये फोर्स इंडिया टीमने 'वन फ्रॉम अ बिलियन' नावाची शोधमोहीम काढली, देशभरातून पोरं चाचपली आणि तिघांना निवडलं. त्यात हा एक. पुढे युरोप, २०१९ मध्ये एफआयए एफ-थ्रीमध्ये तिसरा, रेड बुलचा ज्युनिअर, आणि डिसेंबर २०२० मध्ये बहारीनच्या साखिर ट्रॅकवर एफ-टूची रेस जिंकणारा पहिला भारतीय. त्यानंतरही एफ-टूमध्ये दोन-तीन वर्षं धडपडला, २०२२ मध्ये मॅक्लारेनने जुन्या एफ-वन गाडीची टेस्ट दिली. पण एफ-वनची रेस? नाही मिळाली. फॉर्म्युला ई मात्र मिळाली. त्याच मोहिमेतला बंगळुरूचा अर्जुन मैनी पुढे जर्मनीच्या डीटीएममध्ये गेला. म्हणजे निवडलेल्यांमधूनही एफ-वनला कुणी पोचलं नाही, आणि तरी दोघांचं करिअर झालं. हे मला महत्त्वाचं वाटतं. ह्या शाळेचा निकाल फक्त एफ-वनच्या दोन डझनही नसलेल्या सीटांवरून लावला तर तो कायम शून्य टक्केच दिसेल.

भारतात एफ-फोर आणण्यामागचं गणित हेच, की पहिली पायरी तरी रुपयांत चढता यावी. खरं तर ही कल्पना जुनी आहे. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन नावाच्या अवलियाने ऐंशीच्या दशकात मारुती ८०० च्या इंजिनावर स्वस्तातली सिंगल सीटर बनवली, फॉर्म्युला मारुती. नारायण कार्तिकेयनची सुरुवात तिच्यातूनच झाली, तोच जो २००५ मध्ये जॉर्डन टीमकडून भारताचा पहिला एफ-वन ड्रायव्हर झाला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइम्बतूरचा 'कारी मोटर स्पीडवे' त्यांच्याच नावाचा. आजही देशी चॅम्पियनशिपमध्ये एलजीबी फॉर्म्युला फोर नावाचा वर्ग धावतो, पण सावधान! नावात फोर असलं तरी ती एफआयएवाली एफ-फोर नाही. तिच्यात सुपर लायसन्सचे पॉइंट मिळत नाहीत. खर्च मात्र खूपच कमी, आणि शिकायला उत्तम.

नव्या एफ-फोरचा पहिला चॅम्पियन कोण झाला? ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर. आपल्याच घरच्या शाळेत बाहेरचा पोरगा पहिला आला म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत. मला तर यात फायदाच दिसतो. बाहेरची फास्ट पोरं आली तरच आपली पोरं किती पाण्यात आहेत ते इथल्या इथे कळतं, त्यासाठी इटलीचा व्हिसा काढावा लागत नाही. ग्लॅमरही आलंय. टीमना शहरांची नावं आहेत, गोव्याच्या टीममध्ये जॉन अब्राहमने पैसे घातलेत. सोबतच्या इंडियन रेसिंग लीगमध्ये तर प्रत्येक टीममध्ये एक मुलगी हवीच असा नियम. (एफ-फोरमध्ये मुलं-मुली एकत्रच धावतात, वेगळा 'लेडीज डबा' नाही.)

तीनशे किलोमीटरवरची रेस

आता फाट्यावरून अंतर मोजू. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक हजाराच्या आसपास किलोमीटर. कोइम्बतूर त्याहून लांब. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ एफ-वन झाली, तोही हजाराच्या पुढेच. कोल्हापूरचं कार्टिंग पाचशेच्या वर. म्हणजे ज्याला आठवड्याला सराव हवा त्या पोराच्या दृष्टीने सगळंच चंद्रावर.

आणि तरी एकदा रेस जवळ आली होती. फाट्यावरच्या नांदेडच्या रस्त्याने तसंच सरळ गेलं, नरसी, देगलूर, की तीनशेच्या आसपास किलोमीटरवर हैदराबाद. तिथे हुसेनसागरच्या काठी नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२२ मध्ये इंडियन रेसिंग लीगच्या गाड्या रस्त्यावर धावल्या, आणि ११ फेब्रुवारी २०२३ ला फॉर्म्युला ई झाली. त्याच वर्षी राज्यात सरकार बदललं आणि मग फॉर्म्युला ईची दुसरी फेरी रद्द झाली. चेन्नईच्या स्ट्रीट रेसची गंमत वेगळी. डिसेंबर २०२३ मध्ये व्हायची होती, मिचाँग चक्रीवादळ आलं. शेवटी ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ ला, आयलंड ग्राउंड्सभोवतीच्या साडेतीन किलोमीटरवर, रात्रीच्या दिव्यांत एफ-फोर धावली. रस्त्यावरची रेस म्हणजे असंच. दिसायला जाम भारी, पण सरकार, पाऊस आणि कोर्ट या तिघांच्या मर्जीवर. पोरांना घडवायला लागतो तो रोज सकाळी उघडणारा, कंटाळवाणा, कायमचा ट्रॅक. मराठवाड्यात रस्त्यांवर इतके पैसे ओतले जातात. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी एक साधा कार्टिंग ट्रॅक, जुन्या टायरांच्या भिंती असलेला, हे काही अशक्यातलं मागणं नाही. टायर तर वारंग्यातच मिळतील.

भाचा हे सगळं ऐकून बोटांवर काहीतरी मोजत होता.

'मला पंधरा व्हायला आठ म्हयने हायेत,' तो म्हणाला.

मी काय सांगणार? खोटं सांगायचं नव्हतं. म्हटलं, ह्या वयाला येईपर्यंत तिथली पोरं सात वर्षं कार्ट चालवून आलेली असतात. तो गप्प बसला. मामाही काही बोलले नाहीत, जॅक खाली घेत राहिले.

मग त्याने विचारलं, 'आन् मेकॅनिकला? त्येला बी पंधराच लागतेत का?'

नाही लागत. मेकॅनिकला, टायरवाल्याला, डेटा इंजिनिअरला सात वर्षांचा असताना कुणी कार्ट घेऊन द्यावा लागत नाही. आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंग, कुठल्याही वाटेने येता येतं. पुण्यातल्या कॉलेजांमधली पोरं तर स्वतः फॉर्म्युला स्टाइल गाड्या बनवून स्टुडंट स्पर्धांना उतरतात आणि त्यातली काही पुढे रेसिंग टीममध्ये लागतात. एका एफ-फोर गाडीमागे ड्रायव्हर एक असतो आणि हात बरेच. मी हे सांगितलं तर मामांनी पहिल्यांदा काम थांबवून माझ्याकडे बघितलं. 'डिप्लोमाला गणित लागतंय ना?' त्यांनी विचारलं. लागतं म्हटल्यावर भाच्याच्या हातातला मोबाइल त्यांनी काढून घेतला.

जायचं असेल तर

वारंगा फाटा नांदेडहून एसटीने तासाभराचा. हिंगोली किंवा हदगावकडे जाणाऱ्या गाड्या इथूनच जातात. रेल्वेने यायचं तर हुजूर साहिब नांदेड स्टेशन सोयीचं. वीकेंड असेल तर नांदेडचा गुरुद्वारा आणि औंढा नागनाथ जोडून करता येतं, मधे खिचडी. एफ-फोर बघायची असेल तर सीझन साधारण ऑगस्टपासून वर्षाअखेरपर्यंत असतो, तारखा पुढे-मागे होतात, म्हणून विमानाचं तिकीट जाहीर झाल्यावरच काढा. कारी छोटा ट्रॅक आहे, दोनेक किलोमीटरचा, त्यामुळे गाड्या दर थोड्या वेळाने समोरून जातात आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला तोच जास्त आवडतो. कानात घालायला बोळे न्या, टोपी न्या. स्वतःला कार्टमध्ये बसून बघायचं असेल तर रेसिंगचं लायसन्स एफएमएससीआय देते, ही भारतातली अधिकृत संघटना. आणि तुमचं वय पंधराच्या बरंच पुढे गेलेलं असेल (आपल्या सगळ्यांचं गेलंय!) तर मार्शल व्हा. झेंडे दाखवणारी, बंद पडलेली गाडी ढकलणारी ती नारिंगी कपड्यांतली मंडळी बहुतेक हौशी असतात, मद्रास आणि कोइम्बतूरचे क्लब त्यांना ट्रेनिंग देतात, आणि रेस ते कुंपणाच्या आतल्या बाजूने बघतात.